एआय, आजार आणि आपला खान्देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. नोकरीची बहुतेक वर्षं धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गेली. अलीकडे छातीच्या एक्स-रेवर चालणाऱ्या अभ्यासांसाठी गावोगावच्या कॅम्पचं काम बघते. कॅम्पमध्ये, एसटीत, भाचीच्या हळदीत, कुठेही भेटले की लोक एआयबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, विचारतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा सल्ला इथे मिळणार नाही. हे संशोधन कसं चालतं, त्यातलं आपल्या उपयोगाचं काय आणि आपण कोणते प्रश्न विचारायला हवेत, एवढं मिळेल.

एआय म्हणजे मशीनमध्ये डॉक्टरचं डोकं घातलेलं असतं का?

तसा प्रयत्न १९७० च्या दशकात झाला होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मायसिन नावाचा प्रोग्रॅम तयार केला गेला. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या पेशंटला कोणतं अँटिबायोटिक द्यावं हे तो सुचवायचा. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांना विचारून ‘असं असेल तर तसं करा’ अशा थाटाचे सुमारे ६०० नियम त्यात भरले होते. चाचणीत तो चांगला ठरला, पण प्रत्यक्ष पेशंटसाठी कधीच वापरला गेला नाही.

आजचं एआय नियमांवर चालत नाही, उदाहरणांवर शिकतं. रावेरकडचं पोर केळीच्या बागेत बापाच्या मागे फिरून करपा आलेलं पान ओळखायला शिकतं, तसंच हे. त्याला कुणी नियम पाठ करायला लावत नाही. पानं बघून बघून त्याची नजर तयार होते. मशीनला लाखभर एक्स-रे दाखवतात, प्रत्येकासोबत डॉक्टरांचं मत देतात, आणि ते नजर तयार करतं. अडचणही तीच आहे. केळीच्या बागेत वाढलेल्या पोराला कापसाच्या पानावरचा रोग विचारला तर तो चुकेल. मशीनही चुकतं, पण पोरासारखं ‘मला नाही माहीत’ म्हणत नाही.

पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणार आहे: हे कुणाच्या अंगावर शिकलं, आणि त्याने सांगितल्यावर पुढे कोण काय करणार?

टीबीच्या कॅम्पमध्ये मशीन लगेच आकडा सांगतं. तो आकडा म्हणजे काय?

खान्देशात एआयची सगळ्यात जास्त गाठ पडते ती इथेच. हातात धरता येईल एवढं एक्स-रे मशीन, एक लॅपटॉप, बॅटरी, एवढ्या सामानावर पाड्यावर छातीचा फोटो निघतो. थोड्याच वेळात सॉफ्टवेअर एक आकडा देतं आणि फुप्फुसाचा जो भाग संशयास्पद वाटला तो रंगवून दाखवतं.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. तिच्या अटी नीट वाचायला हव्यात. वय १५ किंवा जास्त, फोटो डिजिटल, आणि काम फक्त चाळणीचं. कुणाची थुंकी तपासायला पाठवावी हे सॉफ्टवेअर सुचवू शकतं. टीबी आहे की नाही हे ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर थुंकी तपासून ठरतं. म्हणून ‘मशीनने टीबी सांगितला’ हे वाक्यच चूक आहे. मशीनने थुंकी तपासायला सांगितलं, इतकंच.

आकडा ७० आला म्हणजे टीबी असण्याची शक्यता ७० टक्के, असं समजून माणसं रात्र रात्र जागतात. तसं नाही. किती आकड्याच्या पुढे थुंकी तपासायची ती रेघ माणसं आखतात. रेघ खाली धरली तर रुग्ण सुटत नाहीत, पण ट्रूनॅटवर गर्दी होते. वर धरली तर गर्दी कमी, पण रुग्ण निसटतात. ती कुठे धरायची हे त्या त्या भागातल्या लोकांवर तपासून ठरवावं लागतं. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुप्फुसात व्रण राहतात. सॉफ्टवेअर त्या जुन्या व्रणांनाही बोट दाखवतं. आधी सहा महिने गोळ्या खाल्ल्या असतील तर ते फोटो काढण्याआधीच सांगा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मशीनने फोटो स्वच्छ म्हटला, पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतोय, तर दवाखाना सोडू नका. मानेतल्या गाठींचा किंवा हाडांचा टीबी छातीच्या फोटोत दिसतच नाही.

आता एक अनुभव सांगते. शहाद्याच्या वरच्या अंगाला एका कॅम्पात पावरा समाजातल्या एक आजी आल्या. फोटो काढला. सॉफ्टवेअरने उजव्या फुप्फुसाचं वरचं टोक लाल करून दाखवलं, आणि टीबीची आवडती जागा तीच. सोबतचा मुलगा स्क्रीनकडे बघत उभा, आणि आजी त्याच्या चेहऱ्याकडे. मी फोटो मोठा करून पाहिला तर त्या सावलीत बारीक उभ्या रेघा होत्या. आजींची तेल लावलेली घट्ट वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती, टोकाला लोकरीचा गोंडा. वेणी वर बांधली, गळ्यातली चांदीची साखळी काढून मुलाच्या हातात दिली आणि पुन्हा फोटो घेतला. लाल रंग गेला, आकडाही उतरला. वेणीची सावली टीबीसारखी दिसते हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. सॉफ्टवेअरला ते कुणी शिकवलं होतं का, मला सांगता येणार नाही.

श्वासाचंही तसंच. अर्ध्या श्वासात काढलेला फोटो धुरकट येतो आणि मशीन फसतं. साक्रीकडे मी ‘दम धरी ठेव, हालू नको’ असं अहिराणीत म्हणते. पाड्यावर पावरी बोलणारी आशाताई शेजारी उभी करते. फोटोचा दर्जा तिथे ठरतो, लॅपटॉपमध्ये नाही.

एवढे फोटो काढल्याने शरीराला अपाय होतो का?

छातीच्या एका एक्स-रेचा किरणोत्सर्ग साधारण दहा दिवसांत निसर्गातून आपल्याला जेवढा मिळतो तेवढाच असतो. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर मात्र आधी सांगा.

‘९० टक्के अचूक’ असं पेपरात आलं की विश्वास ठेवायचा का?

आधी विचारा, कोणते ९० टक्के? आजारी माणसांपैकी किती पकडले, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. निरोगी माणसांपैकी किती जणांना बरोबर सोडून दिलं, ती स्पेसिफिसिटी. बातमीत या दोन्हींचं मिळून ‘अचूक’ होतं आणि अर्थ हरवतो.

कागद-पेन घ्या. समजा दोन्ही आकडे ९० आहेत. आपण यात्रेत स्टॉल लावून १०,००० लोक तपासले आणि त्यांतल्या १०० जणांना आजार आहे. मशीन १०० पैकी ९० पकडेल, १० सुटतील. उरलेले ९,९०० निरोगी. त्यांच्यातल्या १० टक्क्यांना, म्हणजे ९९० जणांना मशीन उगाच संशयित म्हणेल. एकूण संशयित झाले १,०८०, आणि त्यांत खरे आजारी ९०. म्हणजे घाबरून घरी गेलेल्या १२ जणांमागे १ खरा.

आता तेच मशीन तालुक्याच्या रुग्णालयात, फक्त जुना खोकला असलेल्यांसाठी लावा. समजा इथे १०,००० पैकी २,००० आजारी आहेत. मशीन १,८०० पकडतं, आणि ८,००० निरोगींपैकी ८०० जणांवर उगाच संशय घेतं. संशयित २,६००, खरे १,८००. दहातले सात खरे. मशीन बदललं नाही, सॉफ्टवेअर बदललं नाही, माणसं बदलली. (हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.)

हे गणित मला एका तरुण मेडिकल ऑफिसरने चहाच्या टपरीवर, गायछापच्या पुडीच्या मागे लिहून दाखवलं होतं. त्यानंतर अचूकतेचा कुठलाही आकडा ऐकला की मी पहिल्यांदा विचारते, तपासायला आले होते ते कोण?

परदेशात सिद्ध झालेलं सॉफ्टवेअर आपल्याकडे पुन्हा कशाला तपासायचं? वेळ वाया जात नाही का?

याला मी दोन उदाहरणांनी उत्तर देते.

२०१८ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल, म्हणजे फोटोंवर शिकलेला प्रोग्रॅम, तपासलं. ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर ते शिकलं होतं तिथे ते चांगलं चाललं, बाहेरच्या रुग्णालयात ढेपाळलं. शोध घेतल्यावर कळलं की फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हे मॉडेलला जवळपास बिनचूक ओळखता येत होतं. एखाद्या रुग्णालयात न्यूमोनियाचे पेशंट जास्त असले की नुसत्या त्या ओळखीवरही बरोबर उत्तर येऊ शकतं. परीक्षेत पोरगं गणित न सोडवता मास्तरांच्या सवयीवरून पर्याय निवडतं, तसं. आमच्या मशीनची कॅसेट वेगळी, प्लेट वेगळी, खांद्याची ठेवण वेगळी. ते मॉडेल इथे काय करेल हे इथेच बघायला लागेल.

दुसरं उदाहरण मधुमेहाचं. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी डोळ्याच्या पडद्यावरचा मधुमेहाचा परिणाम ओळखणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. ते १,२८,१७५ फोटोंवर शिकलं होतं. त्यांत आपल्याकडच्या नेत्र रुग्णालयांचेही फोटो होते, मदुराईचं अरविंद त्यांपैकी एक. निकाल खरोखर उत्तम होते. पुढे ते थायलंडच्या ग्रामीण दवाखान्यांत नेलं. तिथे पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो सॉफ्टवेअरने ‘वाचता येत नाही’ म्हणून परत केले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट मंद होतं, नर्सबाईंना रांग उरकायची होती. ज्यांचा फोटो परत आला त्यांना पुन्हा कधीतरी दुसऱ्या रुग्णालयात जायला सांगावं लागे.

या थाई दवाखान्यांचं वर्णन वाचताना मला आपली ग्रामीण रुग्णालयंच डोळ्यांसमोर आली. मोतीबिंदू झालेले म्हातारे शेतकरी, बारीक बाहुली, दुपारची लाईट गेलेली. त्या अभ्यासकांनी अपयश झाकलं नाही, सविस्तर लिहिलं, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. आपल्याकडे तसे अभ्यास हवेत, त्यात यश आलं नाही तरी.

मशीन भेदभाव करू शकतं का? त्याला जात-पात कुठे कळते?

जात कळायची गरज नसते. अमेरिकेत आजारी लोकांना जादा देखभाल द्यायची यादी एक प्रोग्रॅम बनवायचा. कोण जास्त आजारी, हे तो उपचारांवर झालेल्या खर्चावरून ठरवायचा. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्याची चिरफाड आली. कृष्णवर्णीय पेशंटवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत होता, म्हणून प्रोग्रॅम त्यांना कमी आजारी समजत होता. चूक दुरुस्त केली असती तर जादा देखभालीच्या यादीतलं त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं.

आता धडगाव तालुक्यातल्या पाड्याचा विचार करा. तिथली बाई दवाखान्यात कमी जाते कारण गाडी नाही, मजुरी बुडते, पावसाळ्यात रस्ता नसतो. सरकारी कॉम्प्युटरवर तिची नोंद कमी. त्या नोंदींवर शिकलेलं मशीन म्हणेल, या भागात आजार कमी आहेत, औषधं जळगावला पाठवा. हे माझ्या मते एआयच्या संशोधनातलं आपल्यासाठी सगळ्यात मोठं संकट आहे. ज्याची नोंद नाही तो निरोगी ठरतो.

सिकलसेलसाठी एआय काही करतंय का?

हा प्रश्न नंदुरबारमध्ये जवळपास रोज येतो. यायलाच हवा. सातपुड्यात असं घर शोधावं लागेल जिथे हा शब्द कुणी ऐकलेला नाही.

थोडी पार्श्वभूमी. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. आपल्याकडे आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही साधी रक्तचाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासणीने पक्कं करतात की माणूस वाहक (स्वतः बहुधा ठणठणीत, पण आजार मुलांकडे जाऊ शकतो) आहे की रुग्ण.

एआयचं काम मुख्यतः रक्ताच्या काचपट्टीवर चालू आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोबाईलला जोडलेल्या स्वस्त मायक्रोस्कोपने काचपट्टीचे फोटो घेतले आणि एआयने कोयत्याच्या आकाराच्या पेशी मोजल्या. ९६ जणांच्या नमुन्यांवर सुमारे ९८ टक्के बरोबर उत्तर आलं. ऐकायला सुंदर आहे. पण दोन गोष्टी. ९६ नमुने म्हणजे आमच्या एका दिवसाच्या कॅम्पपेक्षाही कमी. आणि वाहकाची काचपट्टी बहुधा अगदी नॉर्मल दिसते, तिच्यात कोयते नसतातच. आपल्याला तर लग्नाआधी वाहक कोण हे कळायला हवं, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याचा २५ टक्के धोका असतो. पेशींचा आकार बघणारं मशीन तिथे गप्प बसेल. म्हणून मुलामुलीची रक्ततपासणी टाळून ‘मोबाईलवर काढून बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

एआयने खरी मदत होईल असं मला वाटतं ती दुसरीकडे. रुग्णाला दुखण्याचा झटका कधी येईल याचा अंदाज आधी बांधता आला, थंडी, पाणी कमी पिणं, ताप यांवरून, तर आशाताई दोन दिवस आधी घरी पोचेल. पण असा अंदाज बांधायला वर्षानुवर्षांच्या नीट नोंदी लागतात, आणि आपल्या नोंदी अजून वहीत आहेत. त्या वह्या भरणाऱ्या आरोग्यसेविकेचं काम कुठल्याही प्रोग्रॅमरच्या कामाइतकंच संशोधनाचं काम आहे.

डॉक्टरांची जागा मशीन घेईल का?

स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवर मसाई नावाची चाचणी झाली. १ लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. तिथे प्रत्येक मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) दोन रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर, वाचतात. एआयने धोका कमी सांगितला तर एकाने, जास्त सांगितला तर दोघांनी वाचायचं, असं करून पाहिलं. फोटो वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कर्करोग २९ टक्के जास्त सापडले. आजवरच्या सगळ्यात भक्कम पुराव्यांपैकी हा एक आहे, आणि त्यात शेवटचा शब्द डॉक्टरांचाच होता.

पण सवयीचा धोकाही दिसला आहे. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर एआयच्या मदतीला सरावले. नंतर मदतीशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. हा अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बऱ्याच तालुक्यांत रेडिओलॉजिस्ट रोज बसतच नाहीत. तिथे मशीन कुणाची जागा घेणार? रिकाम्या खुर्चीवर ते बसेल, आणि मग त्याची चूक पकडायला शेजारी कुणी नसेल. मला चिंता त्याची आहे.

मोबाईलवरच्या चॅटबॉटला आजार विचारला तर चालेल का?

डॉक्टरांनी दिलेला अहवाल सोप्या भाषेत समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला, ठीक आहे. निदान आणि डोस यांसाठी नको. चॅटबॉट चुकलं तरी त्याच आत्मविश्वासाने बोलतं, आणि पोटावर हात ठेवून बघत नाही.

आपल्याला भाषेची वेगळी अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, आपली अहिराणी त्यातच येते, १८ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. पण मोबाईलसमोर ‘मनं पोट दुखस, चक्कर येस’ म्हणून बघा. प्रमाण मराठीवर शिकलेला प्रोग्रॅम काहीतरी भलतंच लिहितो. म्हातारी माणसं मग मोडक्या मराठीत बोलायला जातात आणि निम्मं दुखणं सांगायचं राहून जातं. भिली, पावरी बोलणाऱ्यांची तर याहून जास्त ओढाताण होते.

साप चावला, छातीत कळ आली, बाळंतिणीला रक्तस्राव झाला, तर टाइप करत बसू नका. १०८ लावा.

अभ्यासाची टीम गावात आली आहे, सही मागते आहे. करू का?

सही करण्याआधी हे विचारा: अभ्यास कशासाठी, कोण करतंय, एथिक्स कमिटीची (अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी कुठली, माझ्याकडून काय घेणार, काही सापडलं तर उपचाराला कोण नेणार, नाही म्हटलं तर माझ्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होईल का. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’च असायला हवं. तुम्ही मध्येच बाहेरही पडू शकता.

माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवणं टीमवर बंधनकारक आहे. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण त्या वेळी टीमशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा आणि त्याचीही सही हवी. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते, आणि ७ वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारायचं असतं. सरपंचांनी हो म्हटलं म्हणजे गावाने हो म्हटलं, असं होत नाही. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, मार्च २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांतल्या १० तत्त्वांत माणसाची स्वायत्तता आणि माहितीची गोपनीयता दोन्ही आहेत.

माझा एक्स-रे कुठे जातो? नाव काढून टाकलं की झालं ना?

नाव, पत्ता, मोबाईल नंबर काढून फोटो सर्व्हरवर जातो आणि पुढे मॉडेल शिकवायलाही वापरला जाऊ शकतो. ‘पुढच्या संशोधनासाठी वापरू का’ याची चौकट संमतीपत्रात वेगळी असावी. त्यावर खूण करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

नाव काढलं तरी ४० घरांच्या पाड्यावर ‘३२ वर्षांची बाई, सिकलसेल रुग्ण, दोन मुलं’ एवढ्यावरून कोण ते सगळ्यांना कळतं. शहरात बसून नियम करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. म्हणून गावाचं नाव अहवालात छापू नका, फक्त तालुका लिहा, असा आग्रह मी प्रत्येक टीमकडे धरते.

मशीन चुकलं तर जबाबदार कोण?

१ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअरही कायद्याने वैद्यकीय उपकरणात मोडतं, म्हणजे बनवणाऱ्यावर नियम आहेत. उपचाराचा निर्णय ज्या डॉक्टरांनी घेतला त्यांची जबाबदारी सुटत नाही. अभ्यासात भाग घेतल्यामुळे इजा झाली तर नुकसानभरपाईची तरतूद संमतीपत्रात लिहिलेली असते. ती ओळ शोधून वाचा.

एआयने नवीन औषधं शोधली आहेत का?

शोध लागले आहेत. २०२० मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी एआयच्या मदतीने हॅलिसिन नावाचं रसायन जंतूंवर चालतं हे शोधलं. प्रथिनांची घडी ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण प्रयोगशाळेतून मेडिकलच्या काउंटरपर्यंतचा रस्ता माणसांवरच्या चाचण्यांमधूनच जातो, आणि त्याला वर्षं लागतात.

मी इंजिनिअरिंगला आहे, जळगावात. यावर प्रोजेक्ट करायचा आहे. कुठून सुरू करू?

पोरांनो, हा प्रश्न आला की मला खूप आनंद होतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पहिली गोष्ट म्हणजे कॉम्प्युटर उघडण्याआधी आठवडाभर तिथल्या एक्स-रे विभागाच्या बाकावर बसा. पेशंट कसे येतात, किती फोटो पुन्हा काढावे लागतात, ते बघा.

टीबीच्या एक्स-रेंचे माँटगोमेरी (१३८ फोटो) आणि शेन्झेन (६६२ फोटो) हे दोन संच सगळ्यांसाठी खुले आहेत. हात बसवायला ते चांगले. त्यांवर ९८ टक्के आले म्हणून नाचू नका. एकाच पेशंटचे दोन फोटो असतील तर एक शिकवायला आणि एक तपासायला असं कधीही करू नका, ती परीक्षेआधी पेपर फुटल्यासारखी गोष्ट आहे. दोन संच एकत्र करताना एका ठिकाणचे आजारी आणि दुसऱ्या ठिकाणचे निरोगी असे घेऊ नका, नाहीतर मॉडेल ठिकाण ओळखायला शिकेल. पेशंटची माहिती घेण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. माणसांवर चाचणी करणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी करा. मागाहून ती होत नाही.

विषय हवा असेल तर एक सांगते. टीबी ओळखणारं अजून एक मॉडेल बनवू नका. ‘ताई, वेणी पुढे आली आहे’, ‘श्वास अर्धा आहे, फोटो पुन्हा काढा’ असं जागेवर सांगणारं काहीतरी बनवा. तुम्ही ते केलंत तर आमच्या कॅम्पमध्ये तपासून बघायला मी स्वतः टीमला आणि डॉक्टरांना विचारेन.

अभ्यास संपला की आमच्या फोटोचा निकाल कळतो का?

कळायलाच हवा. साक्री तालुक्यात माझ्या एका जुन्या कामात टीमने चार दिवस फोटो काढले, निकाल कळवू म्हणाले आणि कळवला नाही. तिथले एक काका दर बाजाराला मला गाठून विचारायचे, ‘ताई, त्या फोटोनं काय व्हयनं?’ त्यांच्या बायकोचा फोटो होता तो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो काढायला हात माझे होते, म्हणून ते मला विचारत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. टीम कुठलीही असो, निकाल हातात दिल्याशिवाय त्या नावापुढे खूण करत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. फेरतपासणी जानेवारीत ठेवली की निम्मी माणसं सापडत नाहीत, आणि अहवालात ती ‘संपर्क तुटलेले’ म्हणून जातात. ती तुटलेली नसतात, होळीला परत येतात. म्हणून टीमला मी होळीच्या आधीचा आठवडा सुचवते, आणि राहिलेले निकाल बंद पाकिटात घेऊन होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला जाते. या वर्षी ७ पाकिटं राहिली होती. ५ दिली. दोन अजून वहीत आहेत. एक कुटुंब बारडोलीकडेच थांबलं आहे, आणि दुसऱ्याचा फोन लागत नाही.